माझ्या वजनाचं पोतं

आमच्या व्याह्यांसारखा हट्टी माणूस दापोली तालुक्यात झाला नाही आणि पुढं होईल असंही वाटत नाही, कारण तसा माणूस घडवायला जेवढी सवड लागते तेवढी आता देवाकडंही उरलेली दिसत नाही. हे मी सांगतोय. ज्याच्या एका फणसापायी गावचा रस्ता आजही वाकडा जातो, तो मी. इंजिनियर आला, ओव्हरसियर आला, सरपंच तर तीनदा येऊन गेला, पण फणस आहे तिथं आहे आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. तेव्हा हट्ट म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. पण व्याह्यांपुढं मी म्हणजे कोवळी काकडी.

व्याही मुरुडच्या अलीकडं राहतात, समुद्राच्या वाऱ्यावर. अंगानं सुक्या बोंबलासारखे, उंच आणि वाळलेले. मुंबईला गोदीत जन्म काढला आणि परत आले ते एक ट्रंक, एक घोंगडी आणि एक बुलेट घेऊन. ट्रंक माळ्यावर गेली, घोंगडी विहीणबाईंनी पायपुसण्याला घेतली, बुलेट मात्र ओटीवर चढली. ओटीला फळी लावून ती रोज वर चढवायची आणि रोज खाली उतरवायची. माणसं पायरीवर आणि गाडी ओटीवर, असं ते घर. पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री, थंडीत गोणपाट. भर मे महिन्यात व्याही स्वतः कानटोपी घालून गाडी चालवायचे. का, तर कानात वारा गेला की माणूस बहिरा होतो. बुलेटच्या आवाजानं आम्ही दोघं अर्धे बहिरे झालो, त्याचं काही नाही.

आमची शालन त्यांच्या घरी दिली ती अठ्ठ्याण्णव साली. जावई मुंबईला नोकरीत, शालन सासू-सासऱ्यांजवळ. आता आमच्यात रीत अशी, की मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आजकालची पोरं ऐकून हसतात. हसू देत. माझ्या बापानं पाळली, मी पाळली. तर लग्नानंतर पहिल्यांदा मुलीला बघायला गेलो. विहीणबाईंनी तांब्या आणि गुळाचा खडा पुढं ठेवला. मी हात जोडले.

"व्याहीबुवा, पानी तरी घ्या," व्याही म्हणाले.

"रीत न्हाय."

"आमच्या विहिरीचं पानी हाय, इख न्हाय."

"इख असतं तर विचार केला असता. पानी न्हाय."

शालन दाराआड तोंडाला पदर लावून उभी. व्याही माझ्याकडं बघत राहिले, जसा एक बैल दुसऱ्या बैलाकडं बघतो. मग उठले, कानटोपी चढवली, गाडी फळीवरून खाली घेतली आणि म्हणाले, "बसा मागं. आमच्या घरी जेवत न्हाय ना? दुसऱ्याच्या घरी तर जेवाल?"

मी बसलो. पहिल्यांदा हर्णैला एकाच्या दारी गेलो, तर तो त्यांचा चुलतभाऊ निघाला. म्हटलं, भावकीत चालत नाही, भावकी म्हणजे तेच घर. व्याह्यांनी गाडी वळवली. पुढच्या गावात त्यांची आतेबहीण. म्हटलं, तिथंही मुलगी आत्येसासूचे पाय धरते, नको. त्याच्या पुढच्या गावात मावसभाऊ. अहो, त्या सगळ्या किनाऱ्यावर ह्या माणसाचं नातं नाही असं एक चूल पेटलेलं घर सापडेना. भुकेनं माझ्या डोळ्यांपुढं काजवे, पण मी काही बोलणार नाही आणि तेही काही बोलणार नाहीत. दापोली मागं पडली, आमचं गाव मागं पडलं, माझ्या स्वतःच्या दारावरून गाडी धडधडत गेली आणि आमची म्हातारी अंगणात सूप हातात धरून बघत राहिली. शेवटी खेडच्या स्टँडासमोर खानावळ होती, तिथं उन्हं कलताना आम्ही जेवलो. व्याह्यांनी सोलकढीचा एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "ह्या गावाचं कधी भलं व्हनार न्हाय." पण जेवले पोटभर.

आमचं फिरणं सुरू झालं ते असं. मी मुलीला बघायला जायचो आणि व्याही मला जेवायला म्हणून बाहेर काढायचे. जेवण दरवेळी थोडं लांब जायचं. खेडचं चिपळूण झालं, चिपळूणचं संगमेश्वर, मग राजापूर, मग घाटावर. शेती मुलाच्या गळ्यात मारून मी चार-चार दिवस त्यांच्या मागं बसू लागलो. माझं अंग आडवं, बुलेटची मागची सीटही आडवी, दोघांचं जमलं. मला गाडी चालवता येत नाही, कधी शिकावीशी वाटली नाही. मागं बसण्यातही एक मान असतो. नवरदेव घोडा चालवत नाही.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर एक जन्म पुरायचा नाही. पहिली ही, की वाट विचारायची नाही. कोणी विचारली तर मात्र अगदी खात्रीनं सांगायची, गाव माहीत असो-नसो. एकदा आम्ही कोल्हापूरच्या देवीला निघालो आणि कऱ्हाडला पोचलो. मी म्हटलं, व्याही, ही पाटी कऱ्हाडची दिसते. ते म्हणाले, "पाटी लिवनारा चुकला असंल." मग एका देवळापाशी थांबले, हात जोडले आणि मला म्हणाले, "देवी सगळीकडं एकच. कोल्हापूरला गर्दी किती असते ठाव हाय?" दुसरी, वळताना हात दाखवायचा नाही, पाय दाखवायचा. उजवीकडं वळायचं तर उजवा पाय असा लांब काढायचे, की समोरून येणारी यष्टी आपोआप बाजूला व्हायची. दापोली डेपोचे ड्रायव्हर त्यांना पायावरून ओळखायचे. तिसरी, प्रत्येक घाटाच्या तोंडाशी जो देव असेल त्याच्यापुढं थांबून गाऱ्हाणं घालायचं. "बाबा, आम्ही दोन म्हातारे चाललोय, तुझ्या हद्दीत काय उणं-अधिक झालं तर तुझी अब्रू जाईल, आमची न्हाय." देवालासुद्धा असं धाकात ठेवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आणि सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे एकदा चालू केलेली गाडी बंद करायची नाही. दुकानात गेले, गाडी बाहेर धडधडतेय. ग्रामपंचायतीत गेले, धडधडतेय. आमच्या गावात एक म्हातारा वारला, तिथं व्याही समाचाराला आले. गाडी अंगणात तशीच चालू ठेवून ओटीवर टेकले. मयताच्या मुलाला बाप कसा गेला ते ओरडून सांगावं लागलं. "रात्री दूध घेतलंन!" "काय?" "दूध! दूध घेतलंन आणि झोपला!" बायका पदराआड रडत होत्या की हसत होत्या ते देवाला ठाऊक. मी नंतर बोललो, तर म्हणाले, "गाडी थंड झाली की रुसते." मला ती तऱ्हाच वाटायची. गुडघ्यात कळ येते म्हणून दुसऱ्यांदा किक मारायला नको वाटते, हे ह्या माणसानं बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

शालनला मूल व्हायला वेळ लागला. गावात तोंडं असतातच, ती चालू लागली. मी बाप, माझी मान खाली. पण व्याह्यांना कोणी खोचून विचारलं, "काय वो, नातवंड कधी?" तर ते म्हणायचे, "आमचं फिरनं अजून पुरं झालेलं न्हाय. नातू झाला की हे व्याही घरात जेवायला लागतील, मग मला बाहेर कोन सोडील?" सगळा दोष असा आपल्या बुलेटवर घेऊन धडधडत निघून जायचे. शालनच्या कानावर सासऱ्याकडून एक शब्द कधी गेला नाही. ह्या एका गोष्टीपायी मी त्यांच्या सगळ्या तऱ्हा सोसल्या, आणखी असत्या तर त्याही सोसल्या असत्या.

मग नात झाली. बारशाला मी त्या घरात पहिल्यांदा पाटावर बसलो आणि दोन पंगती उठेपर्यंत जेवलो. हात धुताना व्याही शेजारी आले, तांब्यातून माझ्या हातावर पाणी घातलं आणि हळूच म्हणाले, "आता?"

"आता काय?"

"आता भायेर जायाला कारन काय सांगायचं?"

"कारन कशाला लागतं? मी बसतो की मागं."

त्यांनी मान हलवली आणि तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी घालत राहिले.

पण शरीर काय रीत पाळत नाही. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. दर्शन झालं, खाली आलो, व्याह्यांनी गाडी स्टँडवरून काढली. जांभ्याचा उतार, वर बारीक खडी. त्यांचा गुडघा मुडपला आणि बुलेट हळूहळू, अगदी सावकाश, पाण्यात बसणाऱ्या म्हशीसारखी आडवी झाली. आम्ही दोघं दोन बाजूंनी लागलो. हँडल धरून झालं, चाक धरून झालं, देवाचं नाव घेऊन झालं, देवाला शिव्या घालून झाल्या. गाडी हलेना. माझ्या कमरेत लचक भरली, ते तर वाकूनच उभे राहिले. तेवढ्यात दापोलीच्या कृषी कॉलेजातली पोरं आली.

"आजोबा, पडली काय गाडी?"

"पडली न्हाय. ठेवलीय," व्याही म्हणाले.

"आडवी?"

"त्याल एका बाजूला गेलंय. उतरतंय."

मग आम्ही गाडीशेजारी बसलो, जणू घरचं जनावर विसावा घेतंय आणि आपण राखण करतोय. पोरंही वस्ताद. ती समोरच्या दगडावर बसून शेंगदाणे खाऊ लागली. ऊन चढत गेलं. शेवटी त्यातला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "आजोबा, आता त्याल उतरलं असंल." व्याह्यांनी त्याच्याकडं न बघता म्हटलं, "असंल." पोरांनी गाडी एका झटक्यात उभी केली. जाताना एकजण बोललाच, "आजोबा, आता हलकी गाडी घ्या!" परतीच्या वाटेवर व्याही एका घाटदेवापाशीही थांबले नाहीत.

त्यानंतर बुलेट ओटीवरून उतरली नाही. जावई मुंबईहून आला, बापाशी भांडला. एक दिवस चिपळूणचा गॅरेजवाला टेंपो घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. शालन सांगत होती, टेंपो दिसेनासा होईपर्यंत मामंजी परसात माडाला पाणी घालत होते. एकाच माडाला.

मग नवीन गाडी आली. मी अंगणात बनियनवर सुपाऱ्या वाळत घालत होतो. पूर्वी व्याही दापोलीच्या अलीकडच्या चढाला लागले की मला आवाज यायचा आणि मी धोतर बदलून, चहा सांगून तयार असायचो. ह्या वेळी मान वर केली तर ते फाटकात उभे! मांजर घुरघुरतं तेवढा आवाज. गाडी बुटकी, लांबोळकी, हँडल उंच नि मागं वळलेलं, एखाद्या खिल्लारी बैलाच्या शिंगांसारखं. बसलेला माणूस असा रेलून, की हातात पेपर दिला तर आरामखुर्चीच वाटावी. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. चकाकी तर इतकी, की आमच्या कोंबड्या तिच्यात तोंड बघायला जमल्या.

"हलकी हाय," व्याही म्हणाले. "बटन दाबलं की चालू व्हते. किक न्हाय."

"मग बंद करा की."

त्यांनी बंद केली. अंगणात अशी शांतता झाली, की कोंबड्यांच्या नख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

मी धोतर बदललं, टोपी घातली आणि मागं बसायला गेलो. मागं बघतो तर सीट पोळपाटाएवढी! आणि तीही वर, पुढच्या सीटपेक्षा हातभर उंच, मागच्या अंगाला उतरती. मी चढलो. अर्धा मी सीटवर आणि अर्धा मी हवेत. धरायला काही नाही म्हणून व्याह्यांची कानटोपी धरली. सपाटीला कसंबसं निभावलं, पण चढ लागला तसा मी मागं घसरू लागलो, गाडीचं तोंड वर होऊ लागलं आणि व्याह्यांचे हात थरथरायला लागले ते मला मागून दिसत होते.

"मी उतरतो."

"बसा वो."

"उतरतो म्हटलं ना."

मी उतरलो आणि चालत घराकडं फिरलो. ते दोन्ही पाय जमिनीला घासत माझ्या बरोबरीनं गाडी चालवत आले. फाटकाशी मी आत वळलो. चहाही न घेता ते गेले.

माझ्या मनात जे यायचं ते आलं. माणूस गाडी बदलतो तेव्हा सगळी बघून घेतो. चाक बघतो, दिवा बघतो, रंग बघतो. मागची सीट दिसली नाही असं कसं होईल? म्हणजे मागं कोणी नकोच असणार. आपण मुलीकडचे, आपला मान नात होईपर्यंतचा. ठीक आहे. मला काही कोणाच्या मागं बसायची हौस नाही. मी मुरुडकडं जाणं बंद केलं. पाऊस गेला, भात कापून झालं, झोडून झालं, मी गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. सगळा गाव सांगतो तेच.

दिवाळीला शालन माहेरी आली. मी ओटीवर सुपारी कातरत होतो.

"आप्पा, तुम्ही मामंजींवर का रुसलाव?"

"मी कशाला रुसतो? त्यांची गाडी, त्यांची मर्जी."

"तुम्हाला ठाव तरी हाय का, ते गाडी बघायला पोतं घेऊन गेले होते?"

"कसलं पोतं?"

मग तिनं सांगितलं. बुलेट जायच्या आधी व्याह्यांनी तिला विचारलं होतं, तुझ्या बापाचं वजन किती? ती म्हणाली, मी काय बापाला तराजूत घातलाय? तेव्हा त्यांनी बुलेटच्या मागच्या सीटवर रिकामं पोतं बांधलं आणि त्यात मापानं तांदूळ ओतत गेले. दर मापाला खाली वाकून मागचं चाक किती दबतं ते बघायचे. मी बसल्यावर जेवढं दबायचं तेवढं दबलं, तेव्हा पोत्याचं तोंड शिवून टाकलं. नंतर ते पोतं भाड्याच्या टेंपोत घालून चिपळूणला गेले, तिथं जमलं नाही, तर पार रत्नागिरीला. दुकानात शिरले आणि म्हणाले, "गाडी काढ, मागं हे ठेवून बघायचंय." तिथला पोरगा म्हणाला, "काका, घर बदलताय काय?" तर म्हणाले, "व्याही बसवतोय."

"एकेक गाडी बघितली म्हणे," शालन सांगत होती. "पोतं ठेवलं की गाडी पेलवत न्हाय. दोन येळा तर पोत्यासकट पडायला आले, दुकानवाल्यांनी धरलं. ही एकच पेलली. घरी येऊन आत्याबाईंना म्हनाले, जमलं, व्याही बसतायत. त्या दिवशी किती तरी महिन्यांनी धड जेवले."

मी अडकित्ता खाली ठेवला.

"अगो, पोत्याला बूड नसतं," मी म्हटलं. "ते कुठंही बसतं. पोतं बसलं म्हणून मानूस बसतो काय? तांदूळ काय मागं घसरतात, शिवलेल्या पोत्यातले?"

"ते तुम्ही त्यांना सांगा," शालन म्हणाली आणि उठून आत गेली.

भाऊबीज झाली तशी मी पहिली यष्टी पकडली. माझं काही चुकलं होतं असं मी आजही म्हणत नाही, सीट पोळपाटाएवढी होती ती होतीच. पण गेलो. व्याही ओटीवर बसले होते, बुलेट उभी असायची त्याच जागेवर. वाळून आणखी अर्धे झालेले.

"आलाव?"

"आलो."

"कशानं?"

"यष्टीनं."

त्यांनी सरकून मला ओटीवर जागा केली. मग म्हणाले, "यष्टीत मागची सीट मोठी असते."

"असते. पन आपटते फार."

"पोत्याचे तांदूळ तसेच ठेवलेत. सोडू दिले न्हाईत कोनाला."

"सोडा आता. पोरकिडे पडतील. जेवू आज त्याचे."

जेवलो. कोणी कशाची बाजू मांडली नाही. निघताना मी स्टॉपवर उभा राहिलो, तर हे कानटोपी घालून गाडी घेऊन हजर. मी म्हटलं, मी बसायचा नाही. ते म्हणाले, "तुम्हाला कोन बसवतो? तुम्ही यष्टीत बसा. मी मागनं येतो."

तेव्हापासून आमचं फिरणं हे असं चालतं. मी यष्टीत शेवटच्या बाकावर, मागच्या काचेपाशी, आणि व्याही यष्टीच्या मागं, त्या घुरघुरणाऱ्या गाडीवर. यष्टी स्टॉपला थांबली की तेही थांबतात, माणसं चढेपर्यंत पाय टेकून उभे राहतात, जणू त्यांचंही कोणी चढणार आहे. पहिल्या वर्षी असे खेडपर्यंत गेलो, एकदा तर चिपळूणपर्यंत, आणि वाटेत जिथं यष्टी चहाला थांबली तिथं एका बाकावर बसून चहा घेतला. नवीन कंडक्टर विचारतात, "आजोबा, हा मागं लागलाय तो कोन तुमचा?" मी सांगतो, व्याही आहेत. एकजण म्हणाला, "मुलगी परत न्यायला आलेत काय?" अख्खी यष्टी हसली. मीही हसलो.

आता खेड लांब पडतं. आता दापोलीपर्यंतच. वाटेत आसूदचा चढ लागला की यष्टी पुढं निघते आणि ते मागं राहतात. पहिल्यांदा एका वळणाएवढे राहायचे, हल्ली दोन वळणं दिसत नाहीत. गाडी चढायला तयार असते, हातच दमतात, असं ते म्हणतात. माझे डोळेही आता फार लांबचं धरत नाहीत, म्हणून ते भर दुपारी दिवा लावून येतात. चढ संपतो तिथं स्टॉप आहे. उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, कंडक्टर दोरीला हात घालून माझ्याकडं बघतो. तो आता आम्हाला ओळखतो. पुढच्या बाकावरची बाई करवादते, कुणाला दवाखान्याला उशीर होतो. मी काचेला डोळे लावून उभा असतो. खालच्या रस्त्यावर आंब्याच्या सावल्या, लाल धूळ, दुसरं काही नाही.

"आजोबा, मारू काय घंटी?"

"थांब जरा. येतायत."